बाटलीचं संचालक मंडळ

महिपती शेलार गळतीच्या बाबतीत सख्ख्या भावाचाही नव्हता. दोह्याच्या दक्षिणेला, वक्रा मागं टाकून पुढं गेलं की समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्याचं काम चाललं होतं, आणि तिथं तो पाइप फिटर होता. साल एकोणीसशे एकोणऐंशी. पाइपलाइन जोडून झाली की तिच्यात पाणी भरायचं, पंपानं दाब चढवायचा, गेजच्या काट्यावर नजर ठेवायची आणि लाइनीच्या कडेकडेनं चालत कुठं थेंब डोकावतोय का ते बघायचं. याला हायड्रो टेस्ट म्हणतात. थेंब दिसला की महिपती खिशातला पिवळा खडू काढायचा आणि त्या जागेभोवती गोल मारायचा. गोल मारला की विषय संपला. मग वेल्डरनं कितीही शपथा घेतल्या, फोरमननं कितीही 'अरे, दव पडलं असेल' म्हटलं, तरी महिपती ढिम्म.

केरबा हा त्याच्याच गावचा, त्याच्याच खोलीतला, आणि नात्यानं चुलत मेव्हणा. धंद्यानं वेल्डर. त्याच्या जॉइंटांवर महिपतीनं एका आठवड्यात सात गोल मारले, तेव्हा केरबानं बहिणीला पत्र लिहून कळवलं, की तुझा नवरा अरबस्तानात येऊन माणसातनं उठलाय. बहिणीचं उलटटपाली उत्तर आलं, की हितं होता तवाबी असाच होता, भाकरी करपली की सांगायचा.

पण ह्याच वाईट खोडीमुळं महिपती रेटो साहेबाच्या मर्जीतला झाला. रेटो साहेब स्वित्झर्लंडचा, टेस्टिंगचा इंजिनिअर, उंच, बोडका, उन्हानं कायम लालबुंद. त्याची हिंदी साइटवर शिकलेली, त्यामुळं तिच्यातल्या शिव्या अचूक आणि बाकीचं सगळं अंदाजानं. खडूचा गोल दिसला की तो एकच विचारायचा, किती दाबाला गळलं? तो म्हणायचा, 'चाळीस माणसं मला सांगतात सगळं ओके. एकटा तू सांगतोस लीक आहे. आणि दर वेळी लीक असतं.'

मार्चमध्ये साहेबाला घरून तार आली, की वडील आजारी आहेत, निघून ये. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं महिपतीला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि कपाटातनं एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत गडद लाल वाइन. लेबलावर उभ्या कड्याचं चित्र, कड्याच्या कुशीत चर्च, आणि खाली बारीक अक्षरात बरंच काही.

साहेबानं सांगितलं ते असं. आल्प्सच्या उतारावर त्याचं गाव. उतार इतका उभा, की द्राक्षं पाठीवरच्या टोपल्यांतनं उतरवायची, आणि पाय घसरला तर माणूस आधी खाली पोचायचा, द्राक्षं मागनं. एकेचाळीस घरं, प्रत्येकाची वीतभर बाग, आणि सगळ्यांची मिळून एक सहकारी संस्था. साहेबाचा बाप सव्वीस वर्षं तिचा अध्यक्ष. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. वरच्या आळीची द्राक्षं बारीक, आंबूस, वासाची. खालचीची टपोरी, गोड. आजवर दोघांची वाइन वेगळी निघायची आणि दोन्ही आळ्या एकमेकींच्या वाइनला नाकं मुरडायच्या. म्हाताऱ्यानं गेल्या खेपेला पहिल्यांदाच दोन्ही द्राक्षं एका पिपात घातली. ही त्या मिश्रणाची बाटली.

'गावात सगळे म्हणतात, वा, काय वाइन झालीय,' साहेब म्हणाला. 'पण त्यांची द्राक्षं वजनकाट्यावर कोण तोलतो? माझा बाप. ते काट्याला वा म्हणतात, हे त्याला कळतं. जुलैत सभा आहे. मिश्रण चांगलं ठरलं तर पुढच्या वसंतात वरच्या आळीच्या जुन्या वेली उपटायच्या आणि ह्या मिश्रणाला जुळेल अशी नवी लागवड करायची. ऐंशी-ऐंशी वर्षांच्या वेली आहेत. बाप म्हणतो, मला असा एक माणूस शोध, जो माझं काही लागत नाही आणि जो खोटं बोलत नाही.'

महिपतीला घाम फुटला. 'साहेब, मला त्यातलं काही कळत नाही.'

'तेच पाहिजे. मित्रांबरोबर पी, आणि मला पत्रानं कळव. चांगली तर चांगली. लीक तर लीक. पण सही तुझी.'

महिपतीनं मान डोलवली. शब्द दिला म्हणजे दिला, असा तो माणूस होता. निदान मार्चपर्यंत तरी होता.

आता साहेबाचं काय, त्याच्या खिशात दारूचं परमिट. गोऱ्या इंजिनिअरनं बाटली घरी नेली तर ती बाटली, आणि कॅम्पातल्या फिटरच्या खाटेखाली सापडली तर पहिलं विमान. महिपतीनं ती टूलबॉक्सात, पान्ह्यांच्या खाली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून खोलीवर आणली. येत्या शुक्रवारी दुपारी उघडायची, घोट-घोट घ्यायची, जे वाटेल ते लिहायचं आणि मोकळं व्हायचं, असा त्याचा साधा बेत होता. एवढा साधा बेत चार मराठी माणसांच्या खोलीत घेऊन जाऊ नये, हे त्याला कळायला हवं होतं.

शुक्रवारी कपडे धुऊन झाल्यावर बाटली बाहेर निघाली. लेबल वाचायला नॉर्मनला बोलावलं. नॉर्मन वसईचा, ऑफिसात टाइमकीपर, टायपिंग येणारा, आणि त्याचं म्हणणं असं की वाइन म्हणजे काय ते ह्या कॅम्पात त्याला एकट्यालाच कळतं, कारण त्याची आई कार्मिन दर नाताळाला मनुकांची वाइन घालते. त्यानं चष्मा पुसला, बाटली उजेडात धरली आणि एक-एक शब्द सोडवत वाचलं. वाचता वाचता एक शब्द आला, 'कोऑपरेटिव्ह'.

तो शब्द ऐकला आणि वरच्या खाटेवर पडलेले पोपटराव उठून बसले.

पोपटराव काकडे हे कंपनीच्या मुदीरचे, म्हणजे मोठ्या मॅनेजरचे ड्रायव्हर. पण ते नुसतं पोटासाठी. मुळात ते सहकारातले. गावाकडं साखर कारखान्याच्या संचालकपदाला उभे राहिले आणि अकरा मतांनी पडले. पडले ते थेट कतारमध्ये येऊन पडले. पाच वर्षं झाली, त्या अकरा जणांची नावं त्यांना तोंडपाठ होती, आणि गाडी रिकाम्या रस्त्यावर लागली की ते ती मनाशी म्हणायचे. असल्या माणसासमोर तुम्ही 'सहकारी' म्हणता म्हणजे म्हाताऱ्या पैलवानासमोर हलगी वाजवता.

'म्हंजी ही सहकारी दारू हाय,' पोपटराव खाली उतरत म्हणाले. 'मग ती अशी गुत्त्यावर बसल्यागत प्यायची न्हाई. सहकाराचा माल सहकारानंच संपवला पायजे. रीतसर.'

'रीतसर म्हंजी कसा?' केरबानं विचारलं. त्यानं पेला धुऊन पुढ्यात ठेवला होता.

'म्हंजी आधी मंडळ. मग सभा. मग ठराव. मग बाटली.'

महिपती म्हणाला, 'पोपटराव, एक बाटली आणि पाच माणसं. मंडळ कशाला?'

'आरं, असंच म्हणून आपला समाज मागं ऱ्हायला,' पोपटराव म्हणाले, आणि समाजाचं नाव निघाल्यावर महिपतीनं बाटली परत बनियनमध्ये गुंडाळली.

त्याच दुपारी 'वक्रा विभाग लाल वाइन आस्वाद सहकारी मंडळी, नियोजित' स्थापन झाली. अध्यक्ष पोपटराव, बिनविरोध, कारण सूचक तेच आणि अनुमोदकही तेच. केरबा तोंड आवरावं म्हणून उपाध्यक्ष. नॉर्मन तज्ज्ञ संचालक. आणि विरोधी गट हवाच, त्याशिवाय सहकाराला शोभा नाही, म्हणून रंगनाथ. हा सुतार, गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या थेंबाला न शिवणारा. तो म्हणाला, 'मी पिणार नाही, पण हक्क सोडणार नाही.' राहिला महिपती. बाटली त्याची, शब्द त्याचा, सही त्याची, तेव्हा त्याला साधा सभासद केला. मालकाला सहकारात एवढीच जागा असते.

पहिल्या सभेचा सगळा वेळ निवडणुकीत गेला, सबब बाटली उघडायचा विषय पुढच्या शुक्रवारवर ढकलला. पुढच्या शुक्रवारी केरबाला ओव्हरटाइम लागला आणि गणपूर्ती झाली नाही. तिसऱ्या शुक्रवारी नॉर्मननं मुद्दा काढला, की वाइन अशी घटाघटा पीत नाहीत, आधी टोस्ट रेझ करतात, आमच्याकडं लग्नात घरातला वडीलधारा मामा उभा राहून दोन शब्द बोलतो. झालं. मग इथं मामा कोण, ह्यावर वाद. पोपटराव म्हणाले अध्यक्ष बोलेल, रंगनाथ म्हणाला वयानं मी वडील, आणि दोघांनीही बोलायचं ठरलं तेव्हा भाषणाला किती मिनिटं, ह्यावर अडलं. चौथ्या शुक्रवारी एकादशी निघाली. रंगनाथ म्हणाला, बाकीच्यांनी प्यावी, पण सभेत मी हजर असताना एकादशीला बाटली उघडणं मला पटत नाही, आणि माझ्या गैरहजेरीत उघडली तर मी ठरावाला हरकत घेईन.

'मग तुझं म्हणणं काय?' महिपतीनं विचारलं.

'माझा पाचवा हिस्सा बाटलीत तसाच राहू द्या. मी तो पिणार नाही, पण तो दुसऱ्यानंही पिऊ नये.'

ह्या उपसूचनेवर विचार करायला तीन जणांची उपसमिती नेमली. ती उपसमिती मे महिना अर्धा उलटला तरी विचारच करत होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला सगळा प्रकार. महिपतीनं दर शुक्रवारी 'साहेबाला शब्द दिलाय' म्हणून आठवण करायची, आणि पोपटरावांनी दर शुक्रवारी 'सभासदांच्या भावनांची नोंद घेतली' असं वहीत लिहायचं. खरं सांगायचं तर त्यानं एखाद्या मंगळवारी गुपचूप बूच काढून दोन घोट घेतले असते, तर कुणाच्या बापाची हिंमत नव्हती अडवायची. पण त्यालाही ह्या मंडळाची थोडी मजा वाटायला लागली होती. शुक्रवार बरा जायचा. घर सोडून आलेल्या माणसाला भांडायला चार जण मिळाले की अर्धं गाव भेटल्यासारखं वाटतं.

मेच्या शेवटी बातमी उठली, की कॅम्पबॉस खोल्या तपासणार आहे. सगळ्यांची गाळण उडाली. पोपटरावांनी लगेच जबाबदारी घेतली. 'माल अध्यक्षाच्या ताब्यात,' ते म्हणाले, आणि बाटली मुदीरच्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खोबणीत, फडक्यात गुंडाळून ठेवली. 'मुदीरची गाडी कोण तपासतोय? सगळ्यात सेफ जागा.' माल अध्यक्षाच्या गाडीत असणं ही सहकारात काही नवीन गोष्ट नाही, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. डिकीत जून महिन्यात अंडं ठेवलं तर उकडून निघेल, एवढंही सुचलं नाही. तज्ज्ञ संचालकाला तर मुळीच नाही. त्याच्या आईची वाइन वसईला विहिरीजवळच्या गार खोलीत बरणीत राहायची, आणि वाइनीला ऊन लागतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, साहेबाचं पत्र आलं. नॉर्मननं वाचून सांगितलं. वडील अंथरुणाला खिळलेत. आठ जुलैला सभा आहे. रोज सकाळी ते एकच विचारतात, वाळवंटातल्या माणसाचं पत्र आलं का. लवकर लिही.

'पोस्टाला दोन आठवडे लागतात,' नॉर्मन म्हणाला. 'शनिवारी सकाळी ऑफिसची टपालाची पिशवी जाते. तीत नाही पडलं तर खलास.'

'मग आत्ताच उघडू,' महिपती उठला. 'पोपटराव, आणा बाटली.'

पोपटराव नखं बघायला लागले. गाडी नव्हती. मुदीर सकाळीच दुसरा ड्रायव्हर घेऊन पार पश्चिम किनाऱ्याला, दुखानला गेला होता, तो सोमवारी येणार. आणि बाटली त्याच्या बुडाखाली, स्टेपनीशेजारी, दुखानला गेलेली.

मग पोपटरावांनी घसा साफ केला. 'तातडीची सभा लावू. अहवाल मंजूर करू. चव मागनं घेऊ.'

'न पिता काय लिहायचं?'

'आरं, आपल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल छापून येतो तवा कुणी पोत्यात हात घालून साखर खाऊन बघतंय का? अहवाल आधी, माल मागनं. म्हातारा मरणाला टेकलाय. त्याला चांगलं ऐकायचंय. चांगलं लिहू. पुण्य हाय.'

'त्याला खरं ऐकायचंय,' महिपती म्हणाला.

'खरं म्हंजी काय? स्वित्झर्लंडची वाइन वाईट आसंल काय? घड्याळं बघ त्यांची.'

ह्या युक्तिवादापुढं विरोधी गटही गार पडला. किंबहुना सगळ्यात आधी सही केली ती रंगनाथनं. तो म्हणाला, 'मी तशीही पिणार नव्हतोच, तेव्हा न पिता सही करायला मला काहीच अडचण नाही.' इतका स्वच्छ विचार त्या मंडळात आजवर कुणी केला नव्हता.

पोपटराव खोलीत येरझाऱ्या घालत सांगत गेले आणि नॉर्मन इंग्रजीत टाइप करत गेला. अहवाल सालात वाइनची प्रत अत्यंत समाधानकारक राहिली. दोन्ही आळ्यांच्या द्राक्षांचा मिलाफ आदर्श आहे. रंग उत्तम, वास डोंगराचा, घशाला त्रास नाही. केरबानं 'अंगात ताकद येते' हे घालायला लावलं. सर्व सभासद एकमतानं शिफारस करतात, की हेच मिश्रण पुढं चालू ठेवावं आणि त्यासाठी लागेल ती लागवड करावी. शेवटी नॉर्मननं आपल्या मनानं 'गॉड ब्लेस' टाकलं.

चार सह्या झाल्या. पाचवी महिपतीची. साहेबानं मागितली होती ती एवढीच.

महिपतीनं पेन हातात घेतलं आणि धरून बसला. फिटरच्या कामात त्यानं कधी न बघता 'ओके' लिहिलं नव्हतं. पण पत्र गेलं नाही तर म्हातारा वाट बघत मरणार, आणि वाट बघायला लावलं कुणी, तर आपणच, तीन महिने. ह्या दोन्हींत कमी लाज कशात, ते त्याला समजेना. केरबा म्हणाला, 'कर की लेका, माझ्या जॉइंटापेक्षा बरी आसंल.' सगळे हसले. महिपतीनं सही केली.

सोमवारी गाडी आली. पोपटराव डिकी उघडायला गेले आणि तिथंच खाली बसले. उष्णतेनं बूच उडून गेलं होतं आणि आल्प्सच्या एकेचाळीस घरांचा घाम स्टेपनीनं पिऊन टाकला होता. मुदीर दोन दिवस गाडीत आंबूस वास येतो म्हणून बदली ड्रायव्हरला झाडत होता, आणि तो बिचारा पठाण स्वतःचे बूट हुंगत होता. केरबानं खोबणीत बोट फिरवलं, चाटलं, आणि विचार करून म्हणाला, 'टायर चांगला हाय.' मंडळाच्या सबंध कारकिर्दीतला अनुभवावर आधारलेला असा हा एकच अभिप्राय.

बाकीचे त्या संध्याकाळी पोट धरून हसले. महिपती हसला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी एक एअरोग्राम विकत आणला आणि नॉर्मनच्या टेबलावर ठेवला. 'लिही. आम्ही प्यालोच नव्हतो म्हणून लिही.'

नॉर्मननं पोपटरावांकडं बघितलं. पोपटराव म्हणाले, 'इतिवृत्त कायम झालंय. झालेला ठराव सहा म्हैने फिरवता येत न्हाई.'

'मी मंडळाचं सांगत नाही. माझं लिही.'

'साधा सभासद परस्पर पत्रव्यवहार करू शकत न्हाई,' पोपटराव म्हणाले, आणि ते चेष्टा करत होते की खरंच म्हणत होते, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. नॉर्मन म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू, इन्शाल्ला. असं बघता बघता आठ जुलै होऊन गेली. एअरोग्राम महिपतीच्या उशीखाली गेला. त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं मोडक्या इंग्रजीत 'डिअर सर' एवढं लिहिलं होतं. त्याच्यापुढं त्याला येत नव्हतं असं नाही. लाज वाटत होती. एकदा टळलं की टाळणं सोपं जातं, आणि हे ज्ञान त्याला पस्तिसाव्या वर्षी प्रथमच झालं. साइटवर तो खडूचे गोल मारत राहिला, आणि दर गोलाला त्याला वाटायचं, मी कोण लागून गेलोय दुसऱ्याची गळती दाखवणारा.

नोव्हेंबरात रेटो साहेब परत आला. आल्या आल्या त्यानं महिपतीला बोलावलं आणि उठून हात हातात घेतला. टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या. एक नवी बाटली, तेच लेबल, तोच कडा. एक कंपनीचा फॉर्म. आणि नॉर्मननं टाइप केलेल्या पत्राची झेरॉक्स.

'मूळ पत्र त्यांनी सभागृहात काचेत लावलंय,' साहेब म्हणाला. 'बापाला खुर्चीवर बसवून सभेत नेलं होतं. आमच्या पाद्र्यानं वाचून दाखवलं. अंगात ताकद येते, ह्याला सगळे हसले. बाप रडला. सव्वीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, आता मला काट्यावरच्या लोकांचं ऐकायची गरज नाही.'

'कसे आहेत आता ते?' महिपतीनं कसंबसं विचारलं.

'झोपून असतो, पण खूष. मार्चमध्ये वरच्या आळीच्या वेली उपटायच्या ठरल्यात. अकरा घरांच्या. ती घरं तयार नव्हती. पत्र ऐकून तयार झाली.'

अकरा. पोपटराव अकरा मतांनी पडले आणि पाच वर्षं जपत बसले. इथं अकरा घरं एका सहीनं उठली होती, आणि त्यांना महिपतीचं नावही धड म्हणता येत नसेल.

साहेबानं फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. टेस्ट फोरमन. पगार दीडपट, राहायला वेगळी खोली, वर्षाला घरी जायचं तिकीट. 'आणि एक,' साहेब म्हणाला, 'टेस्ट शीटवर तुझी सही असली की मी लाइन बघायलासुद्धा जाणार नाही. मुदीरला मी तसं सांगून टाकलंय. म्हटलं, हा माणूस खोटं बोलत नाही.'

महिपतीनं फॉर्मकडं बघितलं. त्याला बायकोचा चेहरा आठवला, तिकीट आठवलं, केरबाच्या घोरण्याशिवायची खोली आठवली. साहेब बाटलीचं बूच काढायला चाकू शोधत होता आणि शीळ घालत होता. गप्प बसलं असतं तर भागलं असतं. ह्या घोटाला 'वा' म्हणायचं आणि फॉर्म भरायचा. चाळीस माणसं तेच करत होती आणि त्यांचं काही वाईट चाललेलं नव्हतं.

त्यानं खिशात हात घातला. खडू होता. त्यानं पत्राची झेरॉक्स आपल्याकडं ओढली, खाली पाच सह्या होत्या, त्यातली शेवटची शोधली, आणि तिच्याभोवती गोल मारला. मग कागद फिरवून साहेबापुढं ठेवला.

साहेबाची शीळ थांबली. गोल म्हणजे काय, हे त्याला त्या साइटवर कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो पिवळ्या रेघेकडं बघत राहिला, चाकू खाली ठेवला, आणि टेबलावरचा फॉर्म हळूच आपल्या बाजूला ओढून घेतला. बोलला तेव्हा आवाज नेहमीचाच होता, लाइनीवर उभं राहून विचारतो तसा.

'किती दाबाला?'

'पाणी भरायच्या आधीच, साहेब.'